आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धा: नोंदणीपासून पदकापर्यंत कुठे, काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

समोरचा उझबेक किंवा जपानी पोरगा भारी निघाला आणि हरलो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त भरले, गीची (ज्युदोच्या पोशाखाची) बाही दोन बोटं आखूड निघाली, नाहीतर कॉल झाला तेव्हा पोरगा बाथरूममध्ये होता, असल्या कारणाने बाहेर पडलात तर वर्षभराची मेहनत आणि घरच्यांचे पैसे दोन्ही पाण्यात. आपल्याकडची मुलं पहिल्यांदा आशियाई किंवा जागतिक कॅडेट-ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धेला जातात तेव्हा नेमक्या याच गोष्टी वारंवार चुकतात. म्हणून हा लेख खेळाडू, त्यांचे कोच आणि पालक या तिघांसाठी आहे. यात डावपेच नाहीत. फक्त कामांचा क्रम आहे.

नियम आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे, म्हणजे आयजेएफचे धरले आहेत. वेळा, शुल्क, हॉटेल असे तपशील दर स्पर्धेला बदलतात. ते 'आउटलाइन्स' नावाच्या पत्रकात असतात. ते पत्रक छापून घ्या. फोनमध्ये आहे म्हणून कोणी वाचत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

## टप्पा १: वय, गट आणि नोंदणी

वय जन्मतारखेवरून नाही, जन्मवर्षावरून मोजतात. कॅडेटसाठी त्या कॅलेंडर वर्षात १५, १६ किंवा १७ वर्षं पूर्ण होणारी मुलं चालतात. २०२६ च्या स्पर्धेसाठी म्हणजे २००९, २०१० आणि २०११ साली जन्मलेली. ज्युनिअरसाठी १५ ते २०. "डिसेंबरचा वाढदिवस आहे, अजून चौदाचाच आहे" हा हिशोब इथे लागू होत नाही.

वजनगट आपल्या शालेय स्पर्धांच्या गटांशी जुळतीलच असं नाही. कॅडेट मुलांचे ५०, ५५, ६०, ६६, ७३, ८१, ९० आणि ९० वरील. मुलींचे ४०, ४४, ४८, ५२, ५७, ६३, ७० आणि ७० वरील. ज्युनिअर आणि सीनिअरला मुलांचे ६० पासून १०० वरीलपर्यंत सात, मुलींचे ४८ पासून ७८ वरीलपर्यंत सात.

नाव फक्त राष्ट्रीय महासंघच पाठवू शकतो. क्लब, जिल्हा संघटना किंवा पालक यांना थेट नोंदणी करता येत नाही. ही नोंदणी आयजेएफच्या ऑनलाइन प्रणालीत होते आणि तिला अंतिम मुदत असते. तुमचं काम एवढंच, की पासपोर्टची स्वच्छ प्रत वेळेत द्यायची आणि नोंदणी झाल्यावर नोंदीचा स्क्रीनशॉट मागून घ्यायचा.

तपासा: आडनाव, नाव, जन्मतारीख, लिंग, वजनगट. पाचही गोष्टी पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळल्या पाहिजेत.

नावाचा घोळ आपल्याकडे खास होतो. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या दाखल्यावर क्रम उलटा असतो, आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. मग नोंदणी करणारा माणूस वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकून मोकळा होतो. पुढे पाठीवरच्या नंबरावर, म्हणजे गीच्या पाठीवर शिवायच्या नाव-देशाच्या पट्टीवर, वडिलांचं नाव छापून येतं आणि तिथे गेल्यावर धावपळ होते.

## टप्पा २: पासपोर्ट, व्हिसा, संमतीपत्र

हे लवकर उरकता येतं, पण उशिरा सुरू केलं तर सगळंच अडकतं.

१. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असू द्या. सगळ्याच देशांना एवढी लागत नाही, पण एवढी असली की कुठेच अडत नाही.

२. व्हिसासाठी यजमान देशाच्या महासंघाचं निमंत्रणपत्र लागतं. ते पासपोर्टची माहिती पाठवल्यावरच मिळतं, म्हणून ही विनंती नोंदणीबरोबरच जायला हवी.

३. अठराच्या आतल्या मुलासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतीपत्र करा. त्यात सोबत जाणाऱ्या कोच किंवा मॅनेजरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक घाला.

४. प्रवासाचा वैद्यकीय विमा काढताना स्पर्धात्मक खेळात झालेली दुखापत त्यात धरली आहे का, हे लेखी विचारा. साध्या पर्यटन विम्यात बहुतेक वेळा ती नसते.

इशारा: विमानाचं तिकीट काढताना वजनाच्या संध्याकाळच्या किमान दोन दिवस आधी पोहोचाल असं बघा. लांबच्या प्रवासात अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, पोट साफ होत नाही. विमानातून उतरून थेट काट्यावर उभं राहणं म्हणजे जुगार आहे.

## टप्पा ३: गी

इथे सगळ्यात जास्त मुलं अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

दोन रंग लागतात, पांढरा आणि निळा. ज्याचं नाव पहिलं पुकारलं जातं तो पांढऱ्यात, दुसरा निळ्यात. पहिल्या फेरीत तुम्ही पांढऱ्यात असाल आणि दुसरीत निळ्यात, असं सहज होतं. त्यामुळे "आमच्याकडे पांढरा चांगला आहे, निळा मित्राचा घेऊ" हा विचार सोडा. मित्राच्या गीवर नाव मित्राचं असतं.

लेबल. गीवर आयजेएफ मान्यतेचं लाल लेबल हवं. जॅकेट, पँट आणि बेल्ट, तिन्हींवर. तपासनीस ते लेबल खास दिव्याखाली धरून खरं-खोटं बघतो. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी आयजेएफच्या संकेतस्थळावर आहे. रोजच्या सरावाचा देशी गी राज्य स्पर्धेत वर्षानुवर्षं चालला असेल, इथे तो टेबलावरूनच परत येतो.

माप. तपासणीच्या टेबलावर 'सोकुतेईकी' नावाचं मोजपट्टीसारखं साधन असतं. तुम्हाला दोन्ही हात समोर सरळ ताठ करायला सांगतात. त्या स्थितीत:

- बाही मनगटासकट पूर्ण हात झाकेल इतकी लांब हवी.
- बाहीच्या आत, संपूर्ण लांबीत, १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी.
- जॅकेटचा डावा पल्ला उजव्यावर येऊन छातीच्या पिंजऱ्याखाली किमान २० सेंटिमीटर एकमेकांवर चढला पाहिजे.
- पँट घोट्याच्या वर जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर.
- बेल्टची रुंदी ४ ते ५ सेंटिमीटर, आणि गाठ मारल्यावर दोन्ही टोकं २० ते ३० सेंटिमीटर लोंबती.

मुलींनी आत पांढरा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाहीचा, पँटीत नीट खोचता येईल इतका लांब टी-शर्ट घालायचा. त्यावर शाळेचं नाव, चित्र, काहीही नको.

आता चूक कुठे होते ती बघा. गी नवा आणला, घालून पाहिला, बाही मनगटाच्या पुढे. छान. मग तो दोनदा गरम पाण्यात धुतला आणि उन्हात वाळवला. सुती कापड आटलं आणि बाही मनगटाच्या हाडामागे गेली. म्हणून नवा गी आधी तीन-चार वेळा धुवा, त्यानंतरच मोजा, आणि मोजताना आरशात बघू नका. दुसऱ्याला मोजायला सांगा. वाढत्या वयाच्या पोराचा गी मार्चमध्ये बसला म्हणून ऑगस्टमध्ये बसेलच असं नाही. निघायच्या आठ दिवस आधी पुन्हा एकदा मोजा.

पाठीवरचा नंबर. यावर पासपोर्टवरचं आडनाव आणि देशाची तीन अक्षरं, आय-एन-डी. तो अधिकृत पुरवठादाराकडूनच मागवायचा असतो आणि यायला वेळ लागतो. कॉलरच्या खालच्या कडेपासून ३ सेंटिमीटर सोडून, बरोबर मध्यभागी, आडवा. चारही कडांनी मशीनची घट्ट शिलाई हवी. सेफ्टी पिन, फेविकॉल, चार कोपऱ्यांना हातटाके, यातलं काही चालत नाही. शिंप्याकडे देताना गी पालथा पसरून पेन्सिलने रेषा मारून द्या, नाहीतर तो अंदाजाने लावतो. आणि पांढऱ्या गीवर एक, निळ्यावर एक असे दोन नंबर लागतात, हे मागणी नोंदवतानाच लक्षात असू द्या.

गावच्या प्रायोजकाचा पॅच लावायचा असेल तर जागा आणि आकार नियमात ठरलेले आहेत. आधी राष्ट्रीय महासंघाला विचारा. छातीवर मनाला येईल तिथे लावलेला पॅच तपासणीच्या टेबलावर ब्लेडने काढावा लागतो.

इशारा: गी नापास झाला तर आयोजकांचा राखीव गी घालून खेळावं लागतं. तो तुमच्या मापाचा नसतो. शिवाय शिक्षा कोचला होते, त्याला तुमच्या लढतीला मॅटशेजारच्या कोचच्या खुर्चीवर बसू देत नाहीत. पोरगा एकटाच मॅटवर जातो.

## टप्पा ४: वजन, घरी असतानाच

पहिला प्रश्न "किती उतरवायचं" हा नसून "या गटात खेळायचं का" हा आहे. वाढत्या मुलांना खालच्या गटात कोंबणं आपल्याकडे फार चालतं. मला ते पटत नाही. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ मध्ये सारायेव्होला कॅडेट जागतिक सुवर्ण जिंकलं ते ५७ किलोत, आणि २०२५ मध्ये लिमाला ज्युनिअर जागतिक कांस्य जिंकलं ते ६३ किलोत. शरीर वाढलं तर गट वाढू द्या.

तरी थोडं वजन उतरवावं लागणारच असेल तर ते सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. शेवटच्या आठवड्यासाठी शरीराच्या २ ते ३ टक्क्यांहून जास्त ठेवू नका. ६६ च्या गटातला मुलगा निघायच्या वेळी ६८ च्या आत असला पाहिजे. कॅडेटला प्लास्टिकचा सूट घालून पळवणं, सॉनाच्या गरम खोलीत बसवणं, थुंकायला लावणं हे सरळ बंद.

घरचा काटा आणि तिकडचा काटा यांत फरक निघतो. घरच्या काट्याची खात्री करायची असेल तर वजन माहीत असलेली वस्तू, समजा पाच किलोची सीलबंद पिशवी, हातात धरून आणि न धरता असं दोनदा वजन करून फरक बघा.

तपासा: गटाला खालची मर्यादाही असते. ७३ च्या गटात नाव असलेला ६६ च्या वर भरला पाहिजे. १०० वरील गटात नाव आहे आणि काट्यावर ९९.८ आले, तर तोही बाद. आजारपणातून उठलेल्या मुलाच्या बाबतीत हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

## टप्पा ५: औषधं

वजन आणि औषधं एकत्र आली की डोपिंगचा धोका असतो. खालच्या चार गोष्टी पाठच करा.

१. लघवी जास्त व्हावी म्हणून घेतलेली गोळी, उदाहरणार्थ फ्युरोसेमाइड, कायम बंदी असलेल्या यादीत आहे. स्पर्धा असो वा नसो.

२. वजनानंतर "पटकन ताकद यावी" म्हणून लावलेलं सलाईनही नियमभंग आहे. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेता येत नाही. रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांचाच अपवाद आहे. आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणाला सलाईन लावायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

३. खांद्यात किंवा गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही, आणि त्याचा अंश शरीरात बरेच दिवस राहतो. गरज असेल तर उपचारासाठीची सूट आधी लेखी घ्यावी लागते.

४. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर आढळलं तर बाधतं. लेबल नसलेली पावडर, पुड्या, "एकदम नैसर्गिक" काढे यांत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घेऊ नका.

दमा असलेल्या मुलाने इनहेलर बंद करू नये. साल्ब्युटामॉल ठरलेल्या मात्रेपर्यंत चालतं. डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा.

## टप्पा ६: पोहोचल्यावर, ॲक्रेडिटेशन आणि ड्रॉ

संघप्रमुख सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन ॲक्रेडिटेशनला, म्हणजे स्पर्धेची ओळखपत्रं घ्यायला, जातो. तिथे खेळाडूंची छापील यादी समोर ठेवून सही घेतात. ही सही म्हणजे "नावं आणि गट बरोबर आहेत" याची कबुली. घाईत सही मारू नका. बोट ठेवून एकेक ओळ वाचा. ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची सोडत, झाल्यावर गट बदलून मिळत नाही.

ड्रॉ साधारणपणे स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी असतो. जागतिक क्रमवारीतले वरचे आठ खेळाडू मानांकित असतात, बाकीचे चिठ्ठीने पडतात. ड्रॉला कोच सूट-टायमध्ये गेला पाहिजे. ट्रॅकसूट घालून गेलात तर दारातच अडवतात.

ड्रॉ लागल्यावर तीन गोष्टी लिहून घ्या: कितव्या मॅटवर, लढत क्रमांक कोणता, आणि पहिल्या लढतीला कोणत्या रंगाचा गी. प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ रात्रभर बघत बसायचं काम कोचचं आहे. पोराला एवढंच सांगा की तो उजवा की डावा.

## टप्पा ७: वजनाची संध्याकाळ

ज्युदोत अधिकृत वजन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी होतं. कुस्तीच्या बातम्या वाचून अनेक पालक घाबरलेले असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोत दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनाला १०० ग्रॅमने बाद झाली, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ज्युदोत तसं दुसरं अधिकृत वजन नाही, पण सकाळची एक वेगळी तपासणी आहे. ती पुढच्या टप्प्यात.

क्रम असा:

१. आधी अनधिकृत काट्यावर जा. त्यावर कितीही वेळा चढता येतं.

२. वजनात बसत नसाल तर तिथूनच परत फिरा आणि वेळ संपेपर्यंत प्रयत्न करा. अधिकृत वजनाला जेमतेम अर्धा तास मिळतो.

३. ॲक्रेडिटेशन कार्ड आणि पासपोर्ट हातात घ्या. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत विसरणं ही दर वेळची गंमत आहे.

४. अधिकृत काट्यावर एकदाच चढता येतं. उतरून, अंतर्वस्त्र काढून, पुन्हा चढतो म्हणालात तर नाही. जे काढायचं ते चढायच्या आधी.

कॅडेटना अंतर्वस्त्र काढायची परवानगी नाही, त्याच्या बदल्यात १०० ग्रॅमची सूट आहे. ही सूट धरून वजनाचं गणित मांडू नका.

वजन झाल्यावर खाण्याची घाई हा दुसरा सापळा. आधी मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस, घोट घोट, अर्धा तास. जितकं वजन पाण्याच्या रूपाने घालवलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी झोपेपर्यंत हळूहळू परत द्यायचं. मग मऊ भात, वरण, दही, केळं. परदेशी हॉटेलात भात कसला मिळेल सांगता येत नाही, म्हणून छोटा राइस कुकर, तांदूळ, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू असं सामान न्या. त्या त्या देशाचे खाद्यपदार्थ आणण्याचे नियम मात्र आधी बघा. तळलेलं, चीजने भरलेलं आणि त्या शहराची प्रसिद्ध डिश स्पर्धेनंतर.

## टप्पा ८: स्पर्धेची सकाळ

पहिल्या लढतीच्या आधी प्रत्येक गटातून चिठ्ठीने काही नावं काढून वजन तपासतात. गीशिवाय वजन गटाच्या कमाल मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरलं तर खेळाडू बाद.

हे ५ टक्के गटाच्या मर्यादेचे, तुमच्या कालच्या वजनाचे नव्हेत. आकडे असे: ४८ ला ५०.४, ५२ ला ५४.६, ५७ ला ५९.८५, ६० ला ६३, ६६ ला ६९.३, ७३ ला ७६.६५, ८१ ला ८५.०५. सर्वांत वरच्या गटाला वरची मर्यादाच नाही, त्यामुळे त्यांनी नाश्ता निर्धास्त करावा.

तपासा: उठल्याबरोबर वजन करा, मगच नाश्ता ठरवा. आणि चिठ्ठीत नाव आलंय का ते कोचने स्वतः जाऊन बघायचं. कोणी तुम्हाला शोधत येत नाही.

नाश्ता पहिल्या लढतीच्या अडीच-तीन तास आधी. भरल्या पोटाने खेळून उलटी झाली तर नियमानुसार लढत तिथेच संपते आणि तुम्ही हरता.

पिशवीत काय हवं: दोन्ही गी, शक्य असल्यास एक जादा जॅकेट, दोन बेल्ट, स्लिपर, नेलकटर, टेप, केसांना कापडी किंवा रबरी बँड, टॉवेल, पाणी, केळी. नखं आदल्या रात्रीच कापा. केसांत पिन, धातूचा क्लिप चालत नाही. गळ्यातला ताईत, कानातल्या रिंगा, हातातला गंडा हे सगळं खोलीत काढून ठेवा. घरच्यांना वाईट वाटेल, पण तपासणीच्या टेबलावर कात्रीने कापावं लागलं तर जास्त वाईट वाटतं.

## टप्पा ९: वॉर्म-अपपासून हाजिमेपर्यंत

"माझी फाइट कितवी?" हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. उत्तर फळ्यावर असतं, पण वेळेचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागतो. लढत चार मिनिटांची असते, तीस सेकंदांतही संपते आणि गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, गेली तर लांबतच जाते. म्हणून घड्याळाकडे बघू नका, लढती मोजा. पंधरा-वीस लढती बाकी असताना वॉर्म-अपला सुरुवात, पाच-सहा बाकी असताना गी तपासणीच्या रांगेत.

वॉर्म-अपसाठी जोडीदार आधीच ठरवा. एकट्याने गेलेली मुलं उचिकोमीसाठी (न फेकता डाव घटवायचा जोडीतला सराव) कोणी मिळतंय का बघत भिंतीशी उभी राहतात. दुसऱ्या देशाच्या मुलाला खूण करून विचारा, नाही म्हणत नाहीत.

तपासणीनंतर जॅकेट काढायचं नाही, बाह्या दुमडायच्या नाहीत, इकडेतिकडे जायचं नाही. लघवीला जायचं ते रांगेत लागायच्या आधी. समोरचा तयार असेल आणि तुम्ही नसाल तर शेवटची पुकारणी होऊन फलकावर तीस सेकंद उलटे मोजले जातात. मग तो न खेळता जिंकतो.

कोचने प्राथमिक फेऱ्यांत संघाचा ट्रॅकसूट, अंतिम सत्रात सूट. हाफ पँट, टोपी, जीन्स नाही. बोलायचं ते फक्त 'मात्ते' (थांबा) आणि 'हाजिमे' (सुरू करा) यांच्या मधल्या वेळात. लढत चालू असताना ओरडलात तर आधी ताकीद, मग खुर्ची सोडून बाहेर. वैयक्तिक कोच आणि पालकांची जागा प्रेक्षकांत आहे. तिथून मराठीत सूचना देता येतात, फक्त पोराने ऐकायचं कोणाचं हे आधी घरी ठरवून या.

## टप्पा १०: लढतीत हातून जाणाऱ्या गोष्टी

तंत्र शिकवणं हा या लेखाचा विषय नाही, पण नियमांचे चार-पाच गैरसमज ऐन वेळी महागात पडतात.

युको परत आलाय. २०२५ पासून गुण तीन: इप्पोन (लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण), वाझा-आरी (त्याखालचा), युको (सर्वांत छोटा). जमिनीवरच्या पकडीत ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पोन. जुन्या सवयीने पाच-सात सेकंदांची पकड कोणी सोडून देत असेल तर त्याला सांगा, त्याने गुण सोडला. दोन वाझा-आरी म्हणजे इप्पोन; युको मात्र कितीही झाले तरी वाझा-आरी होत नाही.

शिदो म्हणजे छोट्या नियमभंगाची शिक्षा. त्यातली आघाडी म्हणजे विजय नाही. समोरच्याला दोन शिदो आणि तुम्हाला एकही नाही, तरी गुण बरोबरीत असतील तर लढत गोल्डन स्कोअरमध्ये जाते. तिथे गुण मिळवून किंवा समोरच्याच्या तिसऱ्या शिदोने, म्हणजे हान्सोकु-माकेने (शिक्षेमुळे लढत हरण्याने), निकाल लागतो. आधीचे शिदो पुसले जात नाहीत. "वेळ काढ, आपण पुढे आहोत" हा सल्ला देणारे कोच अजून आहेत.

पट, म्हणजे पाय धरून पाडणं. कोल्हापूर-सांगलीकडची, तालमीतून आलेली मुलं दमली की हात आपोआप पायाकडे जातो. उभ्या स्थितीत कमरेखाली हात लावला की शिदो. ही सवय सरावात दमल्यानंतरच्या रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) तोडावी लागते. ताज्या अंगाने केलेल्या सरावात ती दिसतच नाही.

डोक्यावर जाणं. फेकताना स्वतःचं डोकं मॅटवर खुपसलं तर थेट हान्सोकु-माके. उचि-माता आणि सेओई हे फेकीचे डाव मारणाऱ्यांनी विशेष जपावं.

दुखापत. एकाच जखमेतून रक्त आलं तर दोनदा उपचार घेता येतात, तिसऱ्यांदा लढत जाते. गळादाबीत बेशुद्ध झालेला कॅडेट त्या स्पर्धेत पुढे खेळू शकत नाही. वेळेवर टॅप करायला (थाप मारून हार मानायला) शिकवा.

जिंकल्यावर मॅटवर उड्या, आरोळ्या, बेल्ट सोडणं नको. वाका, मॅटच्या बाहेर या, मग काय ते.

## टप्पा ११: हरल्यावर आणि जिंकल्यावर

हरलेल्या सगळ्यांना पुन्हा संधी मिळत नाही. रेपेचाज, म्हणजे कांस्यपदकासाठीची दुसरी संधी, फक्त उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांसाठी आहे. तिथे जिंकणारे दोघे उपांत्य फेरीत हरलेल्यांशी कांस्यपदकासाठी खेळतात, म्हणून कांस्यपदकं दोन. त्याआधी हरलात तर दिवस संपला.

इथे दोन उलट चुका होतात. दुसऱ्या फेरीत हरलेला पोरगा आशेने गी घालून बसून राहतो. आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेला रडून, आंघोळ करून, पिझ्झा खाऊन मोकळा होतो आणि तासाभराने त्याचं नाव पुकारलं जातं. हरल्या-हरल्या कोचने पहिलं वाक्य बोलायचं ते "रेपेचाज आहे" किंवा "नाही आहे".

दोन लढतींमध्ये किमान दहा मिनिटं विश्रांती मिळते. त्यात घामाने भिजलेला गी बदलणं, दोन घोट पाणी आणि पुढचा रंग बघणं एवढंच होतं.

पदक मिळालं तर समारंभाला पांढऱ्या गीत जायचं, शेवटची लढत निळ्यात झाली असली तरी. व्यासपीठावर झेंडा, मोबाइल, टोपी नेता येत नाही. तिरंगा खांद्यावर घ्यायचा असेल तर समारंभ संपल्यावर, बाहेर.

डोपिंग चाचणीसाठी निवड झाली तर एक माणूस तुम्हाला सूचना देऊन सोबतच राहतो. त्याच्या नजरेआड होऊ नका. किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते. लवकर सुटावं म्हणून ढसाढसा पाणी प्यायलात तर नमुना पातळ निघतो आणि पुन्हा बसावं लागतं. अल्पवयीन खेळाडूला सोबत आपला माणूस नेता येतो, नेलाच पाहिजे. फॉर्मवर मागच्या काही दिवसांत घेतलेली सगळी औषधं लिहा, क्रोसिनसुद्धा.

## टप्पा १२: परत आल्यावर

महाराष्ट्रात शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, दोन्हींसाठी कागद लागतात आणि ते नंतर गोळा करणं फार जड जातं. आठवड्याभरात ही फाइल बांधून ठेवा: सहभाग किंवा पदकाचं मूळ प्रमाणपत्र, राष्ट्रीय महासंघाचं निवडपत्र, तुमचं नाव असलेला ड्रॉ आणि निकालपत्रक छापून, ॲक्रेडिटेशन कार्ड, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या पानांच्या प्रती, आणि निवड ज्या राष्ट्रीय स्पर्धेवरून झाली तिचं प्रमाणपत्र.

नोकरीसाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात यायची वाट न बघता आधीच अर्ज करा. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो आणि त्याची तारीख दरवर्षी वेगळी असते. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टप्रमाणे इंग्रजीत असेल आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर क्रम वेगळा असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच फाइलीत लावून टाका.